टीटीएमएम की समान वाटणी? मित्रांसोबतच्या बिलाचा हिशेब असा करा

हॉटेलात बिल आलं की कुणीतरी म्हणतं, ‘चला, समान भाग करू!’ सगळ्यांनी साधारण सारखंच खाल्लं असेल तर हा सोपा मार्ग. पण दर वेळी तसं नसतं.

फरक किती पडतो?
समजा, चौघांचं जेवण १,६०० रुपयांचं आणि त्यातल्या दोघांची दारू १,२०० रुपयांची. कर सोडून समान वाटणी केली तर प्रत्येकी ७०० रुपये. न पिणाऱ्याचा खरा वाटा मात्र ४००. कमी पगाराचा किंवा अजून शिकणारा मित्र हे बोलून दाखवत नाही. तो हळूहळू यायचंच टाळतो.

मग काय करावं?
• समान वाटणी की टीटीएमएम, म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’, हे ऑर्डर देण्याआधीच ठरवा.
• दारूचा हिशेब वेगळा ठेवा. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर व्हॅट.
• सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते स्पष्ट केलं. नको असेल तर वाटणीआधीच काढायला सांगा.
• बिल भरणाऱ्याने त्याच रात्री बिलाचा फोटो आणि आपला क्यूआर कोड ग्रुपवर टाकावा. यूपीआयवर मित्राकडे पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे इतरांनी आठवणीची वाट न पाहता पैसे पाठवावेत.

आणि ज्याची ऑर्डर सर्वांत मोठी, त्यानेच आधी म्हणावं, ‘माझे जास्त धरा.’