जुनी पद्मिनी घेताना

पालघर किंवा बोईसर-तारापूरकडे जुनी प्रीमियर पद्मिनी विकावयास असली, तर तिच्या तजेलदार रंगास वाचकांनी भुलू नये, असे आम्हांस वाटते. समुद्राचा खारा वारा पत्रा आतून खातो. आणि कुर्ल्यास बनलेल्या या गाडीस वेगळी चौकट नाही, पत्र्याचे अंगच सारा भार वाहते. म्हणून तळाची चटई उचलवून पाहावी, दारांखालच्या कडा टोचून पाहाव्या. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन थंड असतानाच चालू करवावे. निळा धूर निघाल्यास ते तेल जाळते असे समजावे. तथापि इंजिन दुरुस्त होते. कुजलेले अंग जोडणे सहसा परवडत नाही. उत्पादन थांबून दोन तपे लोटल्याने प्रत्येक पद्मिनी १५ वर्षांपुढचीच. तिची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. तो कागद आधी मागावा, चहा मागाहून घ्यावा.