मढ्यावर कोण येतं?

जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, हे शाळकरी पोरही सांगेल. त्या खटल्यात सरकारतर्फे ब्रॅन्सन यांच्या जोडीला जे बॅरिस्टर उभे होते, त्यांतले एक जे. डी. इन्व्हरॅरिटी. वकिलीच्या इतिहासात त्यांचं नाव सापडतंच. पण त्यांची दुसरी ओळख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जुन्या अंकांत आहे. सोसायटी १८८३ सालची. तिच्या जर्नलमध्ये १८८८ साली इन्व्हरॅरिटींनी वाघावर लेख लिहिला आणि मथळ्यातच आपली टिपणं ‘अशास्त्रीय’ असल्याचं सांगून टाकलं. तो विनय होता. वाघ-बिबट्या सावजाला कुठे धरतो, कुठून खायला लागतो, परत कधी येतो, ही त्या काळातली बरीचशी माहिती अशाच शिकाऱ्यांनी जमवली. आणि ती मिळाली मढ्याशेजारी रात्र काढून.

रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचली, १८६३ मध्ये बोरघाट चढली, आणि घाटाखालचं रान मुंबईच्या साहेबाला काही तासांवर आलं. या घाटाखालचा कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तो गेला १८९१ मध्ये.

आमिष बांधणं हे कसबाचं काम होतं. टोणगा झाडाला बांधायचा तो गळ्याने नव्हे, पुढच्या पायाने; कारण वाघ झडप घालतो मानेवर, आणि तिथे दाव्याचा स्पर्श झाला तर बिचकतो. मढं त्याने झाडीत ओढून न्यावं आणि सकाळी हाका घालून त्याला उठवावं असा बेत असेल, तर दोर जोर लागताच तुटेल असा कच्चा घ्यायचा. मचाणावरूनच गोळी घालायची असेल, तर दोर पक्का, म्हणजे मढं जागचं हलणार नाही. जवळपास पाणी हवं, दाट सावली हवी, वाऱ्याची दिशा बघायला हवी. हे सगळं जाणणारा माणूस त्या रानातलाच लागे. शिकारकथांमध्ये बंदुकीची बनावट नेमकी नोंदलेली असते; टोणगा बांधणाऱ्याचं नाव क्वचितच असतं. हा अन्याय त्या साहित्यभर पसरलेला आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्याच्या दुसऱ्या कलमातली शिकारीची व्याख्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यासारखी आहे. मारणं आणि विष घालणं ही शिकार आहेच. पण फासे लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष लावणं आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. जनावर मेलं नाही, आलंसुद्धा नाही, तरी गुन्हा झाला. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंतची.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांसाठी विष वापरायला मनाई केली. तिथे मेंढपाळांचा शत्रू कायोटी, आपल्या कोल्ह्याचा मोठा भाऊ. त्याच्यासाठी वर्षानुवर्षं विषारी मांस पेरलं जात होतं आणि गरुडांपासून कुत्र्यांपर्यंत सगळे त्यात मरत होते. पुढे बंदी सैल झाली, वास लावलेल्या सायनाइडच्या नळ्या जमिनीत रोवल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये आयडाहो राज्यात अशी एक नळी उडाली. चौदा वर्षांचा मुलगा जखमी झाला आणि त्याचा कुत्रा जागीच गेला.

आपल्याकडे आमिष कायदेशीरपणे लावतं ते वनखातं, पिंजऱ्यात. पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात जाळीपलीकडे शेळी किंवा कुत्रं, पुढच्या कप्प्यात पाय पडला की दार सोडणारी फळी. वरून डहाळ्या टाकतात. रात्री शेळी ओरडते, बिबट्या येतो, दार धाडकन पडतं. गाव टाळ्या वाजवतं.

पण आला तो कोणता बिबट्या? घाटमाथ्यापलीकडच्या जुन्नरने याचं उत्तर फार महाग किंमत देऊन मिळवलं. २००१ ते २००३ या काळात तिथले २९ बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरच्या जंगलात सोडले. संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा हिशेब छापला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर सरासरी सतरावर गेली, आणि वाढ सर्वांत जास्त झाली ती बिबटे सोडलेल्या जागांजवळ. शेळीच्या ओरडण्याला जो जवळ असेल तो येतो. गुन्हेगारच येईल असं नाही. २०११ मध्येच केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढून सरसकट पिंजरे लावायला विरोध केला. तरीही बिबट्या दिसला की पुढाऱ्यांची पहिली मागणी पिंजऱ्याचीच असते.

कर्जत-खालापुरात आज आमिष कुणी मुद्दाम बांधत नसलं, तरी ते पडलेलं असतं. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या की त्यावर कुत्री जमतात. फार्महाऊसच्या मागे उष्ट्याचा ढीग, त्यावरही कुत्री. कुत्र्यांमागून बिबट्या. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्याचा ८७ टक्के भाग, वजनाच्या हिशेबात, पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. माथेरान-प्रबळच्या डोंगराखाली गणित वेगळं असण्याचं कारण नाही.

सगळ्यांत भयंकर प्रकार म्हणजे मारलेल्या गुरावर विष घालणं. बिबट्या किंवा वाघ अर्धवट खाल्लेल्या मढ्याकडे परत येतो, ही गोष्ट शिकाऱ्याला जशी माहीत होती तशी शेतकऱ्यालाही असते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात १ जानेवारी २०२१ रोजी वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. जनावर गमावलेल्या शेतकऱ्याने मढ्यावर विष घातलं होतं. रानडुकरासाठी पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब याच जातीचा. तो गाय चावते, कुत्रा चावतो. पलक्कडमध्ये २०२० साली गाभण हत्तिणीचं तोंड फाटलं ते अशाच स्फोटाने.

आणि गिधाडं. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती संपत आली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. याच रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या संस्थेने गिधाडांसाठी मेलेली गुरं मिळवून देण्याचं काम चिकाटीने केलं. तिथे मढं म्हणजे जीवदान. एका विषारी मढ्याने असं वर्षानुवर्षांचं काम एका दुपारी बुडू शकतं, कारण गिधाडं थव्याने उतरतात.

या विषयात सर्वांत बोलका कागद कोणत्याही शिकाऱ्याचा नाही. तो आहे महाराष्ट्र शासनाच्या नुकसानभरपाईच्या नियमांचा. वन्यप्राण्याने गुरू मारलं तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. तपासणी होईपर्यंत मढं हलवायचं नाही. आणि तिसरी अट: त्यानंतरचे काही दिवस आसपासच्या ठरावीक टापूत एकही वन्यप्राणी मेलेला नसावा. सरकारी भाषेत कुठेही विषाचा उच्चार नाही, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विष घातलेलं मढंच होतं. एकाने सूड घेतला तर भरपाई बुडते, आणि ती शेजाऱ्याचीही बुडू शकते. म्हणून गावानेच गावावर लक्ष ठेवावं, असा तो डाव आहे.

डाव हुशार आहे, पण अर्धवट. मढं हलवू नका असं सांगणारा नियमच ते बिबट्याच्या वाटेवर राखून ठेवतो. ज्या माणसाची दुभती म्हैस गेली आहे, त्याला रात्रभर त्या मढ्याजवळ रागासोबत एकटं सोडलं जातं. २०२२ च्या निर्णयाने गाय, म्हैस, बैल यांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. रक्कम वाढली हे चांगलंच झालं. पण घाटाखालच्या ठाकरवाडीत पैसा वर्षभराने पोहोचला, तर आज संध्याकाळच्या रागाला त्याचा काय उपयोग?

याच वाड्यांच्या पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर, वसुबारशीच्याच दिवशी, वाघबारस पाळतात. शेंदूर लावलेल्या वाघोबाला नारळ, कोंबडं देऊन गुराखी गुरांची राखण मागतात. गुरू जाणार हे तिथे गृहीत धरलेलं आहे. अशा लोकांच्या सहनशक्तीवरच बिबट्या आजवर टिकला, आणि ती गृहीत धरणं खात्याने थांबवायला हवं. खबर आल्या दिवशीच वनरक्षकाने पोहोचावं, मोबाइलवर फोटो आणि ठिकाणाची नोंद घेऊन पंचनामा त्याच संध्याकाळी पुरा करावा, पहिला हप्ता आठवड्यात द्यावा. आणि मढं रानात आत न्यायचं की खोल पुरायचं, हे मालकासमोर तिथेच ठरवून ते उचलायला माणसंही द्यावीत.