मुळशीचे मावळे कशासाठी लढले?

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावच्या शिवारात आला, मेट्रोची कारशेडही इथेच. भूसंपादनाची नोटीस, सातबाऱ्यावरचा शिक्का, मोबदल्याचा दर हे विषय इथे घरोघरी निघतात. पण याच तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात शंभर वर्षांपूर्वी मावळ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याविषयी ऐकीव गोष्टीच फार. त्या नीट निवडून घ्यायला हव्यात. त्यातल्या काही समजुती आजच्या शेतकऱ्यालाही गोत्यात आणतात.

‘लढा जास्त भरपाईसाठी होता’

हा सर्वांत मोठा गैरसमज. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीला मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधायचे होते. पन्नासएक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे त्यात उठणार होती. न विचारता शेतात चर खणले गेले, हरकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर गोऱ्या इंजिनिअराने पिस्तूल रोखले, अशी या असंतोषाची सुरुवात सांगितली जाते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पैशाचा पर्याय त्या घोषणेतच नव्हता.

असे का, हे मुळशीचे खोरे पाहिले की कळते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई निघते. आंबेमोहोर भात पिकतो तो खाली, सपाटीच्या खाचरांत. ही खाचरे आयती मिळालेली नाहीत. उतार फोडून, बांध घालून, पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरेल अशी पातळी साधून पिढ्यान्‌पिढ्या ती घडवलेली असतात. धरणाचे पाणी आधी हीच सपाटी गिळते, वरकस तेवढी शिल्लक राहते. हातात रोख रक्कम आली तरी असे खाचर विकत कुठे मिळणार? मावळ्यांचा नकार हा हट्ट नव्हता, तो शेतीचा हिशेब होता आणि माझ्या मते तो अचूक होता.

‘सगळा मुलूख एकदिलाने लढला’

तसे झाले असते तर बरे होते. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनीची मालकी पुण्यात राहणाऱ्या सावकारांकडे होती आणि ती कसत होती कुळे. कंपनीने भरपाई पुढे केली तेव्हा पुष्कळशा मालकांना ती चालणार होती. कुळाच्या वाट्याला मात्र नुसते उठणे होते. नेतृत्वातही यावरून फूट पडली. एक गट चांगला मोबदला मिळवून मिटवावे म्हणत होता, तर पांडुरंग महादेव बापट आणि त्यांच्याबरोबरचे मावळे जमीनच द्यायची नाही यावर ठाम राहिले.

‘हा गांधीजींचा सत्याग्रह होता’

गांधीजींनी एप्रिल १९२१मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीविषयी लिहिले आणि टाटांना फेरविचाराची विनंती केली, हे खरे. पण बापटांची सत्याग्रहाची कल्पना वेगळी होती. डिसेंबर १९२४मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी रुळावर धोंडे टाकून अडवली. त्यासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली ती मुळशीमुळेच.

धरण झाले आणि १९२७मध्ये भिरा येथे वीज तयार होऊ लागली. मुळेचे पाणी घाटाखाली कोकणात उतरले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९७६मध्ये आला.

‘आता कायदा बदलला, संमतीशिवाय जमीन जात नाही’

हे अर्धसत्य आहे आणि माणसारख्या गावात ते महागात पडू शकते. १८९४च्या भूसंपादन कायद्यात संमतीचा प्रश्नच नव्हता. २०१३चा कायदा १ जानेवारी २०१४पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती त्याने बंधनकारक केली. सरकार स्वतःच्या कामासाठी जमीन घेते तेव्हा ही अट लागत नाही. एमआयडीसीचे संपादन तर १९६१च्या वेगळ्या राज्य कायद्याखाली होते, त्यात अशी टक्केवारी नाही.

आणखी एक मेख आहे. संमतीची टक्केवारी मोजताना मालकांची कुटुंबे धरली जातात. कसणारे कूळ आणि शेतमजूर यांना पुनर्वसनाचा हक्क आहे, पण होकार-नकाराच्या मोजणीत ते नाहीत. १९२१मध्ये मुळशीच्या कुळाची जी अडचण झाली, ती नव्या कायद्यानेही पुरती सोडवलेली नाही.

‘ग्रामसभेचा ठराव झाला की प्रकल्प रद्द’

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत ते १९९६च्या पेसा कायद्यामुळे. मुळशी तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. इथल्या ठरावाला लोकमत म्हणून वजन आहे, पण नकाराधिकार म्हणून नाही. वनहक्क कायदा (२००६) मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू होतो. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या किंवा तिथे राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत, तिथून हटवता येत नाही. मुळशीतल्या कातकरी वस्त्यांपर्यंत ही माहिती पोहोचायलाच हवी.

या सगळ्यात कागदाचे वजन किती, हे एका तुलनेतून कळते. कॅनडात २०१२मध्ये मूलनिवासींच्या हक्कांसाठी ‘आयडल नो मोअर’ हे आंदोलन उभे राहिले, तेव्हा राजसत्तेशी पूर्वजांनी केलेले लेखी करार मूलनिवासींच्या हाती होते. मावळ्याकडे असा करार नव्हता. पिढीजात वहिवाट हाच त्याचा कागद, आणि तो सरकारने मानला नाही.

म्हणून माण आणि आसपासच्या शेतकऱ्यांना, कुळांना एवढीच विनंती: नोटीस हाती आली की दर विचारण्याआधी ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. २०१३च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात, इतर कायद्यांत मुदत वेगळी असू शकते. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि शेत दुसरा कोणी कसत असेल तर त्याचे नावही त्यात लिहा.