प्रश्न कसा विचारावा?

खानेसुमारीत माणसे मोजावयाची असतात. तेथे वय, शिक्षण, धंदा एवढे विचारले की काम भागते. परंतु एखाद्याचे आयुष्य त्याच्याच तोंडून समजून घ्यावयाचे, तर प्रश्न निराळा घडवावा लागतो. विद्वान याला गुणात्मक संशोधन म्हणतात. आम्ही युनियनची माणसे चाळीच्या पायरीवर बसून हेच करीत आलो. त्याला एवढे भारदस्त नाव असते, हे मागाहून कळले.

मार्क्सने १८८० साली फ्रान्समधील कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी छापविली. एकेक प्रश्न चोख आहे. उत्तरे मात्र फारच थोडी आली. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री शंभर प्रश्नांपुढे बसणार कसा? माझ्या मते आठ-दहा पुष्कळ झाले.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतील एखाद्याला 'संपाचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला?' असे विचारा. 'फार हाल झाले,' एवढे बोलून तो गप्प बसेल. दोष त्याचा नव्हे. प्रश्नच सभेतल्या ठरावासारखा आहे. त्याऐवजी 'पगार थांबल्यावर पहिला महिना घर कसे चालले?' असे विचारावे. मग वाण्याची उधारी, गहाण पडलेले दागिने, कोकणात धाडलेली मुले, हे सारे येऊ लागते. आपण मधूनमधून 'मग?' एवढेच म्हणावे.

'मालकांनी जमिनीसाठीच गिरण्या बंद पाडल्या, नाही का?' हा प्रश्न आम्हां मंडळींच्या जिभेवरच असतो. मलाही तसेच वाटते. पण हे विचारणे नव्हे, होकार मागणे झाले.

सर्वांत अधिक नुकसान बायकांचे होते. 'तुम्ही काम करीत होता का?' म्हटले की 'नाही हो, मी घरीच,' असे उत्तर येते आणि वहीत 'काम नाही' अशी नोंद होते. वास्तविक गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी पुष्कळशा बायकाच चालवीत. 'पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत दिवस कसा जाई?' असे विचारले, म्हणजे तिसऱ्या पाळीच्या गडीमाणसांच्या भाकऱ्यांचा हिशेब बाहेर येतो.

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावच्या अशा आठवणींचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला. परंतु संपात उभे राहिलेले तरुणही आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. पुन्हा विचारू म्हणून ठेवून देण्यासारखे हे काम नाही.

म्हणून प्रश्न आधी दोघातिघांवर पारखून पाहावेत. 'मी काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगा,' असे त्यांनाच म्हणावे. 'रोजगाराचे स्वरूप' कोणाला उमगत नाही. 'कायम होता की बदली?' हे लगेच कळते. ज्या प्रश्नावर तिघेही अडखळले, तो बदलावा. आणि शेवटी 'मी विचारले नाही, असे काही राहिले का?' हे जरूर विचारावे, मात्र वही मिटण्यापूर्वी. वही मिटलेली दिसली की माणूस चहाच्या गोष्टी करू लागतो.