पाणी फार स्वच्छ झाले, तर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, चिकट थर धरतो. दुपारपर्यंत त्यातून बारीक बुडबुडे निघतात आणि लांब तंतू लोंबू लागतात. रात्री दिवे मालवले की थर विरळ होतो. सकाळी वाटते, गेला एकदाचा. दुपारी तो पुन्हा हजर. मग घाण दिसल्यावर कोणीही करील तेच आपण करतो. पाणी बदलतो, फिल्टर वाढवतो, माशांचे खाणे निम्म्यावर आणतो. आणि थर आणखी पसरतो.

हा थर बहुधा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांचा असतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात, त्या ज्या नॉक्टिल्युकामुळे, तोही याच गटातला. प्रवाळाच्या पेशींत राहून, उजेडावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसणारे झूझँथेलीसुद्धा याच गटातले. त्यामुळे या जीवांना सरसकट मारणारे औषध प्रवाळाच्या पोशिंद्यालाही मारू शकते. सगळी अडचण इथेच आहे.

नंदुरबार, शहादा, तळोद्यात कोणी अशी टाकी लावायची म्हटली, तर समुद्र दूर. प्रकाशा गावावरून जाणारी तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते खरी, पण खंबातच्या आखाताचे ते गढूळ पाणी टाकीच्या कामाचे नाही. शिवाय सर्व दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 चे संरक्षण आहे. मालवणला गेल्यावर आठवण म्हणून एखादा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तेव्हा टाकी उभी राहते ती कोरड्या सामानावर: पिशवीतले मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, वाळलेले, निर्जीव खडक, आणि गाळलेले पाणी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात क्षार आणि विरघळलेली सिलिका असते, शेतातल्या खतांचा नायट्रेटही उतरलेला असू शकतो. घरगुती आरओ यातले सगळे अडवत नाही. म्हणून त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावावी लागते.

इतके सोपस्कार केल्यावर टाकी स्वच्छ होते, पण ओसाडही होते. नांगरून उघडे टाकलेले रान पहिल्या पावसात तणाने भरते, तसेच इथे घडते. समुद्रातल्या खडकावर जीवाणू, डायटम, शेवाळ, बारीक किडे यांची जागेसाठी चढाओढ असते. कोरड्या खडकावर सुरुवातीला कोणीच नसते. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आले की उरलेसुरले शेवाळही उपाशी पडते. डायनोफ्लॅजेलेटांपैकी बरेच उजेडावर जगतात आणि जीवाणू गिळूनही जगतात. त्यामुळे इतरांचा दुष्काळ त्यांना बाधत नाही.

आधी ओळख पटवावी. थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवावा, पाणी टिश्यू पेपरमधून गाळून उजेडात ठेवावे. तासाभरात गाळलेल्या पाण्यात पुन्हा तंतू जमले, तर संशय पक्का. त्यानंतर सूक्ष्मदर्शक; शाळेच्या प्रयोगशाळेतला 400 पट मोठे दाखवणाराही चालतो. एका टोकाला निमुळता, त्या टोकाने धाग्याला अडकून गरगर झुलणारा जीव दिसला तर तो ऑस्ट्रिओप्सिस. चपटा, लंबगोल, एका बाजूला कललेली इवली चोच असलेला आणि सरपटत जाणारा, तो अँफिडिनियम. हे पाहिल्याशिवाय उपाय सुरू करू नयेत, कारण दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

ऑस्ट्रिओप्सिस रात्री पाण्यात उतरतो. टाकीतूनच पाणी घेऊन टाकीतच सोडणारा पुरेशा क्षमतेचा यूव्ही दिवा त्याला तिथे गाठतो. दोन-तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवली तर तो जास्त संख्येने वर येतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्याला यूव्हीचा काही उपयोग नाही. तिथे सोडियम सिलिकेट थोडे थोडे घालून सिलिकेचे कवच करणारे डायटम वाढवतात, म्हणजे वाळूवर दुसरा दावेदार येतो. एरवी आपण गाळून टाकतो ती सिलिका इथे मोजून परत घालायची असते. मात्र तिच्यासाठी सरळ बोअरचे पाणी ओतू नये. बाकीचे सगळेही त्यासोबत येते.

दोन्हीकडे पायाचे काम एकच: नायट्रेट लिटरमागे 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 मिलिग्रॅम टिकवणे. केळी-पपईच्या ठिबकमधून सोडतात ते 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि 00:52:34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. हीच दोन रसायने लागतात, पण प्रयोगशाळेच्या शुद्धतेची, खताच्या गोणीतली नव्हे. 100 लिटर पाण्यात नायट्रेट लिटरमागे 5 मिलिग्रॅमने चढवायला पोटॅशियम नायट्रेट सुमारे 0.8 ग्रॅम पुरते. ते दोन-तीन दिवसांत विभागून द्यावे. फॉस्फेटची मात्रा इतकी लहान की घरच्या काट्यावर मोजता येत नाही. मोनोपोटॅशियम फॉस्फेट 0.72 ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावे. त्यातले 10 मिलिलिटर 100 लिटरला लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम फॉस्फेटची वाढ देतात. कोरडा खडक फॉस्फेट शोषून घेतो, म्हणून रोज चाचणी करून कमी पडेल तेवढे भरावे. या काळात पाणी बदलणे थांबवावे. हिरवे शेवाळ दिसू लागले तर घाबरू नये, ते हवेच आहे. काम आठवड्यांचे आहे.

लालसर, मखमली, उग्र वासाचा पापुद्रा अलगद सोलून निघाला तर तो सायनोबॅक्टेरिया. तो सायफनने ओढून काढावा, पाण्याचा प्रवाह वाढवावा. काही जण एरिथ्रोमायसिन घालतात. मला ते मुळीच पटत नाही. माणसाचे प्रतिजैविक शोभेच्या टाकीत ओतून शेवटी गटारात सोडायचे, एवढी निकड कुठल्याही टाकीची नसते.

ऑस्ट्रिओप्सिसच्या विषाने टाकीतल्या गोगलगायी मरतात. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांतून ते पसरले, तेव्हा सुमारे 200 जणांना ताप, खोकला, धाप लागली होती. म्हणून तपकिरी थर काढताना सायफनची नळी तोंडाने ओढू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा, खडक बाहेर काढून कोरडा घासू नये, आणि तसेच विष बाळगू शकणारे झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातलग) वाढलेला खडक स्वच्छ करायला म्हणून कधीही उकळू नये.