बसायची जागा

आमच्या कॉलेजपासून चालत सात-आठ मिनिटांवर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे आपल्या धारवाडी अर्थानं. सकाळी इडली-वडा आणि उप्पीट, दुपारनंतर गिरमिट, मिर्ची भजी आणि चहा. पुढं आठ टेबलं, मागं पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. शनिवारी कॉलेज सुटलं की आम्ही तिघी प्राध्यापिका त्या पडद्यामागं जाऊन बसायचो. एक कन्नड शिकवणारी, एक इतिहासाची आणि मी. एक बाय-टू चहा आणि एक फुल्ल, एवढ्या भांडवलावर दोन तास सहज निघत. बोलणं मराठीत सुरू होई आणि कन्नडात संपे, किंवा उलट. सासरच्या तक्रारी कुठल्या भाषेत करायच्या हे पलीकडच्या टेबलावर कोण बसलंय त्यावर ठरे! ज्याला मराठीत गप्पा आणि कन्नडात हरटे म्हणतात, ते दोन्ही तिथं एकाच बशीत मिळत.

मागच्या वर्षी सुट्टीनंतर गेलो तर हॉटेलच्या दारावर ‘लवकरच बंद होत आहे’ अशी पाटी. जागेच्या मालकानं प्लॉट विकला होता आणि तिथं टू आणि थ्री बीएचके फ्लॅट येणार होते. आम्हाला वाईट वाटलं, राग आला. इतिहासवाल्या बाईंनी वही काढली, दोन्ही भाषांत मजकूर लिहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. तीन पानं भरली. वही घेऊन आम्ही हॉटेलवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी ती उलटून पाहिली आणि शांतपणे कन्नडात विचारलं, ‘मेडम, हे देणार कुणाला?’

आमच्याकडं उत्तर नव्हतं. जागा विकणं हा मालकाचा हक्क. काकांचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, आणि तोही कधीचाच संपलेला. त्यात ते आणखी एक वाक्य बोलले, ते मात्र टोचलं. ‘तुम्ही सगळे मनापासून यायचा. पण दोन तासांच्या एका बाय-टूवर नवीन भाडं निघत नाही हो.’

हॉटेल गेलं. आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे. पण काकांचा प्रश्न डोक्यात राहिला. बसायची जागा वाचवायची म्हणजे नेमकं काय करायचं? लोकांनी असं कुठं करून दाखवलंय का? शोधत गेले तेव्हा सगळ्यात तपशीलवार उत्तर मिळालं ते लंडनच्या दारूच्या गुत्त्यांत!

थांबा, पान उलटू नका. आपल्याकडं पब म्हटलं की बेंगळूरचा अंधार आणि कानठळ्या बसवणारं संगीत डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडमधला जुना पब वेगळा. मूळ शब्दच ‘पब्लिक हाऊस’, सार्वजनिक घर. तिथं दारू असते हे खरंच. पण गल्लीतली म्हातारी माणसं दुपारी येऊन बसतात, रविवारी कुटुंबं जेवायला येतात, गाण्याची मैफल होते, भजनी मंडळासारखी गायकांची टोळीही जमते. आणि अशा जागांवर तिथंही बिल्डरांचा डोळा असतो. कारण साधं आहे: पब चालवून मिळणाऱ्या पैशापेक्षा त्याच जागेवर बांधलेले फ्लॅट विकून कितीतरी जास्त पैसा मिळतो.

दक्षिण-पूर्व लंडनमधल्या नन्हेड भागात ‘आयव्ही हाऊस’ नावाचा पब आहे. १९७० च्या दशकात तिथं रॉक संगीताचे कार्यक्रम गाजले होते. एप्रिल २०१२ मध्ये तो अचानक बंद झाला आणि विक्रीला निघाला. गल्लीतल्या लोकांनी आधी वास्तूला वारशाच्या यादीत स्थान मिळवून दिलं. मग त्यांनी नव्या कायद्याचा आधार घेतला. इंग्लंडमध्ये २०११ साली स्थानिक कारभाराचा एक कायदा झाला होता. त्यात एखादी इमारत ‘समाजाला मोलाची’ म्हणून पालिकेकडं नोंदवण्याची सोय होती. अशी नोंद असलेली जागा विकायची झाली तर मालकानं आधी पालिकेला कळवायचं. मग स्थानिक संस्थेला ‘आम्हाला घ्यायची आहे’ असं सांगायला सहा आठवडे मिळतात. तिनं तसं सांगितलं तर पैसे उभे करण्यासाठी एकूण सहा महिन्यांचा अवधी मिळतो. मालकानं त्यांनाच विकलं पाहिजे अशी सक्ती मात्र नाही. कायदा फक्त वेळ देतो.

त्या वेळेत नन्हेडच्या लोकांनी संस्था नोंदवली, कर्ज आणि अनुदान मिळवलं आणि शेअर्स विकायला काढले. ३७१ जणांनी शेअर्स घेतले. ८ लाख १० हजार पौंडांना तो पब लोकांनी विकत घेतला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो पुन्हा उघडला. कुणाचे शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच.

दुसरी गोष्ट थोडी सिनेमासारखी आहे. लंडनच्याच किलबर्न भागातला ‘कार्लटन टॅव्हर्न’ १९२० च्या सुमाराचा. नव्या मालकानं तिथं फ्लॅट बांधायची परवानगी मागितली, पालिकेनं नाकारली. इमारत वारशाच्या यादीत घ्यायची प्रक्रिया चालू होती. एप्रिल २०१५ मध्ये एके दिवशी नोकरांना सांगण्यात आलं, आज सामानाची मोजदाद आहे, तुम्ही येऊ नका. आणि त्याच दिवशी बुलडोझर आला. इमारत जवळजवळ भुईसपाट. आपल्याकडं गोष्ट इथं संपली असती. दंड भरला, पावती फाडली, टॉवर उभा! तिथं रहिवासी मागं लागले आणि पालिकेनं आदेश काढला, ‘जशी होती तशी पुन्हा बांधा.’ मालकानं अपील केलं, २०१६ मध्ये चौकशी झाली, अपील फेटाळलं गेलं. वारशाच्या नोंदीसाठी इमारतीचे तपशील आधीच टिपून ठेवलेले होते, म्हणून ‘जशी होती तशी’ म्हणजे कशी, यावर वाद घालायला जागाच उरली नाही. एप्रिल २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला. पुढं १७ मध्ये, म्हणजे २०१७ च्या मे महिन्यातच, इंग्लंडनं नियम बदलला होता: पब पाडायचा किंवा त्याचं दुसरं काही करायचं तर आधी परवानगी हवीच.

दोन्ही ठिकाणी लोकांचं प्रेम होतं, सह्या होत्या, मोर्चेही होते. पण जागा वाचली ती कागदानं. एका ठिकाणी नोंदणी आणि शेअर्सचा कागद, दुसऱ्या ठिकाणी इमारतीच्या तपशिलाचा कागद.

आता आपल्याकडचा कागद पाहू. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठ्या व्यापारी जागेला लागू होत नाही. पानपट्टीला संरक्षण मिळेल. आठ टेबलं आणि फॅमिली रूमवाल्या हॉटेलला नाही. त्याच्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यानुसार महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. नन्हेडला सहा महिने, धारवाडला पंधरा दिवस! आमची तीन पानांची वही कशी पुरी पडणार?

पण आपल्या देशात काहीच घडलं नाही असं समजू नका. काॅफी हाऊसची कहाणी आठवा. काॅफी बोर्डानं १९५० च्या दशकात आपली काॅफी हाऊसं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर यायची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, तुमची सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच चालवा. पहिली संस्था ऑगस्ट १९५७ मध्ये बेंगळूरला निघाली. कोलकात्याच्या काॅलेज स्ट्रीटचं काॅफी हाऊस १९५८ मध्ये बंद होऊ लागलं, तेव्हा प्रेसिडेन्सी काॅलेज आणि कलकत्ता विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडं अर्ज केला आणि ते पुन्हा सुरू झालं. हे वाचून मला माझ्या व्यवसायाचा जरा अभिमान वाटला. त्यांच्या अर्जाला निदान पत्ता होता.

बेंगळूरचं एम. जी. रोडवरचं काॅफी हाऊस एप्रिल २००९ मध्ये बंद झालं. जागा भाड्याची, ती सोडावी लागली. शेवटच्या दिवसांत लोकांनी गर्दी केली, फोटो काढले. पण संस्था कामगारांची स्वतःची होती, म्हणून तीच माणसं, तीच काॅफी घेऊन ते चर्च स्ट्रीटवर पुन्हा सुरू झालं. याच्या उलट मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’. १९६४ पासून चित्रकार, लेखक, नाटकवाले तिथं बसत. मार्च २०१५ अखेर ते बंद झालं. गर्दी तिथंही झाली होती, फोटो तिथंही निघाले. प्रेमात काही कमी नव्हतं.

मैसूरला २०११ मध्ये आर. के. नारायण यांचं यादवगिरीतलं घर पाडायला सुरुवात झाली होती. तिथंही बांधकामच होणार होतं. वृत्तपत्रांनी आणि नागरिकांनी आवाज उठवला, पाडकाम थांबलं, महापालिकेनं घर विकत घेऊन दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे मोठ्या लेखकाचं घर असेल तर सरकार धावतं. पण लेखक मोठे होण्याआधी जिथं बसतात, त्या जागांचं काय?

आपल्या धारवाडला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. सुभाष रोडवरच्या मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्ट’ सगळ्यांना ठाऊक आहे. जी. बी. जोशींनी १९३३ मध्ये ही प्रकाशन संस्था सुरू केली. त्या माळ्यावर बेंद्रे येत, कीर्तिनाथ कुर्तकोटी बसत, कर्नाटक काॅलेजात शिकलेले गिरीश कर्नाड येत. कर्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाति’ १९६१ मध्ये याच ग्रंथमालेनं छापलं. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड, नोकरीची बारा वर्षं सोलापुरात. कर्नाडांची घरची भाषा कोकणी. कुठलाही भाषावार ठराव न करता त्या जिन्यावरून तीन-तीन भाषा वर-खाली करत होत्या. तो माळा टिकला, कारण त्याच्यामागं संस्था होती, वर्गणीदार वाचक होते, हिशेबाची वही होती. नुसत्या गप्पांवर तो एवढी वर्षं टिकला नसता.

आणि सहकार म्हणाल तर तो आपल्याला कुणी लंडनहून शिकवायची गरज नाही. देशातली पहिली कृषी पतसहकारी संस्था १९०५ मध्ये कणगिनहाळला निघाली, सिद्दनगौडा पाटलांच्या पुढाकारानं. ते गाव आज गदग जिल्ह्यात आहे, पण १९९७ पर्यंत ते आपल्याच धारवाड जिल्ह्यात होतं. शेतीच्या कर्जासाठी ज्या मातीनं तेव्हा संस्था उभी केली, तिला आठ टेबलं आणि एक चुलाण सांभाळता येणार नाही काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. त्या हॉटेलवर आमचं प्रेम होतं, पण त्याच्या जागेचा करार कधी संपतो हे आम्ही कधी विचारलं नाही. मालकाला, ‘विकायची झाली तर आधी आम्हाला सांगा,’ असं कुणी म्हटलं नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार करायचा तर त्याची नोंदणी लागते आणि तिला खर्च येतो, म्हणून तर अकरा महिन्यांचा शॉर्टकट. तो खर्च आम्ही रोजचे पन्नासजण वाटून घेऊ शकलो असतो. फॅमिली रूमची किंमतही आम्हाला ती गेल्यावर कळली. पुरुषांना कट्टा आहे, पानपट्टी आहे, देवळाची पायरी आहे. बायकांनी काम संपल्यावर तासभर कुठं बसायचं? नव्या चकचकीत कॅफेत काॅफीच्या किमतीत आमचा आठवडा निघे, आणि तिथं दोन तास बसलं की पोरगा टेबल पुसायला येऊन उभा राहतो.

सध्या आम्ही तिघी दुसऱ्या एका हॉटेलात बसतो. इथं पडदा नाही, कोपऱ्यातलं टेबल आहे. गेल्या महिन्यात धीर करून मालकांना विचारलं, ‘अण्णा, जागा तुमची की भाड्याची? करार केवढ्याचा?’ त्यांनी आधी संशयानं पाहिलं. इन्कम टॅक्सवाल्या वाटलो असू! मग सगळं सांगितलं तेव्हा गल्ला पोराकडं सोपवून आमच्या टेबलाशी येऊन बसले. जागा भाड्याची, करार अकरा महिन्यांचा, मालक हुब्बळ्ळीत राहतो, त्याची मुलं बाहेरगावी. येत्या रविवारी ते मालकाला भेटायला जाणार आहेत, पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराबद्दल बोलायला. आमच्यातल्या इतिहासवाल्या बाई बरोबर जाणार आहेत. वही तीच आहे, पण यावेळी सह्यांपुढं प्रत्येकानं किती रुपये देणार तेही लिहिलंय.

आणि हो, आता आम्ही तिघी तीन फुल्ल चहा मागवतो.