गडी कोणत्या गांवचा?

मृग नक्षत्र लागलें म्हणजे मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर दोन उद्योग एकदम थांबतात. होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि कबड्डीचीं मैदानें चिखलाखालीं जातात. मासेमारी केव्हां बंद ठेवावयाची हें सरकार ठरवितें; मैदान केव्हां बंद ठेवावयाचें हें पाऊसच ठरवितो. ज्या खाचरांत माघ महिन्यांत दिव्यांच्या झोतांत सामने झाले, तेथेंच आषाढांत भाताचें रोप डुलत असतें. महाराष्ट्रांत १५ जुलै हा दिवस कै. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या स्मरणार्थ कबड्डी दिन म्हणून पाळतात. परंतु कोंकणांत त्या दिवशीं कबड्डी खेळावयाची तर डोक्यावर छप्पर पाहिजे.

मैदान बंद पडलें तरी खेळाची चर्चा बंद पडत नाहीं. उलट तिला भर येतो. अलिबाग, पेण, रोहें, मुरूड या बाजूस चहाच्या दुकानांत आणि एस. टी.च्या थांब्यावर एकच विषय निघतो. कोणता चढाईवाला कोणत्या संघांत चालला? कोणत्या कंपनीनें कोणास नोकरीस बोलाविलें? यंदाच्या लिलावांत कोणास किती बोली लागली? हा रिकामपणाचा उद्योग आहे असें घरांतील वडील मंडळी म्हणतात, आणि तें अगदींच खोटें नाहीं. तथापि या बोलण्याच्या तळाशीं एक खरा प्रश्न आहे. गड्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्या गांवानें त्याला शिकविलें त्याचा, ज्या कचेरीनें त्याच्या पोटाची सोय केली तिचा, कीं ज्यानें सर्वांत मोठी बोली केली त्याचा?

किनाऱ्यावरील संघ म्हणजे बहुधा गांवच्या किंवा आळीच्या तरुणांचें मंडळ. नांव ग्रामदेवतेचें, वर्गणी घरोघरची, आणि मैदान चोपून तयार करण्याचें काम सर्वांचें. अशा संघांत गडी ‘घेतला’ जात नाहीं. तो त्यांत वाढतो. मोठा भाऊ कोपऱ्यावर उभा राहत असे, त्याचे गुडघे थकले कीं त्या जागीं धाकटा उभा राहतो. या नात्याचा कागद कोठेंच नसतो, आणि म्हणूनच तें तुटलें म्हणजे मनाला लागतें. मोठ्या बक्षिसाचे सामने जवळ आले कीं शेजारच्या गांवचा एखादा चपळ गडी ‘उसना’ आणण्याचा मोह मात्र जुन्या मंडळांनाही होत असे. मग समोरचा संघ हरकत घेई, पंच गोंधळांत पडत, आणि खेळापेक्षां वादच अधिक रंगे. एका हंगामांत गड्यानें एकाच संघाकडून खेळावें आणि त्याचें नांव आधीं नोंदलेलें असावें, हा नियम अशा भांडणांतूनच आवश्यक ठरला.

गडी गांव सोडून जाऊं शकतो, ही गोष्ट मुळांत शक्य कशी झाली? एके काळीं हा खेळ ठिकठिकाणीं निराळा होता. महाराष्ट्रांत हुतुतू, बंगाल्यांत हा-डू-डू, तामिळ मुलखांत चेडुगुडु अशीं त्याचीं नांवें. आणि नांवाबरोबर नियमही बदलत. ढोबळ मानानें तीन प्रकार सांगतात. ‘अमर’ प्रकारांत बाद झालेला गडी बाहेर जातच नाहीं, फक्त समोरच्यास गुण मिळतो. ‘जेमिनी’ प्रकारांत बाद झालेला गडी आपला सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. ‘संजीवनी’ प्रकारांत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला कीं आपला एक गडी पुन्हा जिवंत होऊन आंत येतो.

हा भेद वरवर किरकोळ दिसतो, पण गड्याची किंमत ठरते ती येथेंच. जेमिनीच्या डावांत मुख्य चढाईवाला आरंभींच पकडला गेला तर तो उरलेला सारा वेळ रेघेबाहेर बसून राही. तेथें एका शूर पुरुषावर विसंबून चालत नसे. सगळेच गडी साधारण बरे असावे लागत, आणि असे गडी गांवांतच मिळत. संजीवनींत मुख्य गडी पुनःपुन्हां मैदानावर येतो. जितक्या वेळां तो परत येईल तितक्या वेळां तो डाव फिरवूं शकतो. असा एक गडी बाहेरून आणला तरी पुरतो, आणि तो आणण्यासाठीं दाम मोजण्यासही लोक तयार होतात.

१९२१ सालीं महाराष्ट्रांत संजीवनी आणि जेमिनी यांची सांगड घालून सामन्यांसाठीं नियम तयार करण्यांत आले. १९२३ सालीं त्यांत सुधारणा झाली, आणि त्याच सालीं बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय सामन्यांत ते वापरले गेले. पुढें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें हा खेळ परक्या प्रेक्षकांस दाखविला, १९३८ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा सामन्यांत त्याला स्थान मिळालें, आणि १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. या साऱ्या प्रगतीचा अभिमान रास्तच आहे. पण तिचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाहीं. जोंपर्यंत पेणचा नियम पुण्यास चालत नव्हता, तोंपर्यंत पेणच्या गड्याला पुण्यास विशेष मागणीही नव्हती. नियमांचें पुस्तक एक झालें आणि गड्याचें कसब सर्वत्र चालणारें नाणें बनलें.

त्या नाण्याचा पहिला मोठा बाजार मुंबई. रेवसहून भाऊच्या धक्क्यास लागणाऱ्या लाँचींतून या किनाऱ्यावरील किती तरुण पोटासाठीं मुंबईस गेले. लालबाग-परळच्या गिरण्यांनीं कोंकणच्या माणसांस काम दिलें आणि त्या माणसांनीं गिरणगांवास हुतुतू दिला. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेंत मैदानें आंखलीं गेलीं. पुढें गिरण्या, कारखाने, बँका, रेल्वे आणि पोलीस यांनीं आपापले संघ उभे केले, आणि चांगल्या गड्यास खेळाच्या जोरावर नोकरी मिळूं लागली. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो काळ ओसरला. परंतु महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे अशीं नांवें कबड्डीच्या वर्तुळांत वजनदार राहिलीं.

या नोकरीच्या व्यवहाराला कोणी ‘विक्री’ म्हणत नसे. गडी गांव सोडी, पण त्याच्या बदल्यांत घरास बारमाही पगार येई, आणि गुडघा निकामी झाला तरी टेबलाशीं बसण्याचें काम राही. गणपतीस आणि शिमग्यास तो गांवीं येई. एखाद्या सामन्यांत जुन्या संघाच्या पोरांस चार युक्त्या शिकवी. गांवाला हळहळ वाटे, परंतु तक्रार करण्यास जागा नसे.

२०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ‘लिलाव’ हा शब्द खेळांत आला. कोळीवाड्यांतील माणसाला हा शब्द नवा नाहीं. पहाटे बंदरावर पापलेटच्या टोपल्यांभोंवतीं तो रोज ऐकूं येतो. म्हणूनच कदाचित् तो माणसाला लावलेला येथें अधिक खटकला. पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर लागली, १२ लाख ८० हजारांची, आणि ती पाटण्याच्या संघानें केली. २०२३ सालीं पवन सेहरावत याच्यासाठीं तेलुगू टायटन्सनें २ कोटि ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट! खर्चावर मर्यादा मात्र आहे. २०२३ सालीं प्रत्येक संघास सर्व गड्यांसाठीं मिळून ५ कोटि रुपयेच खर्च करतां येत होते, आणि गड्यांच्या चार वर्गांच्या आरंभीच्या किंमती ३० लाखांपासून ९ लाखांपर्यंत होत्या. त्यामुळें एकावर निम्मी थैली रिकामी करणाऱ्या संघाला बाकीचे गडी काटकसरीनें घ्यावे लागतात. चहाच्या दुकानांतले वाद येथेंच खरे शास्त्रीय होतात, आणि त्यांतले कांहीं हिशेब संघांच्या व्यवस्थापकांनींही ऐकावेत असे असतात.

मोठी बोली म्हणजे मोठें यश नव्हे, हें सांगणारांच्या हातीं एक उत्तम दाखला आहे. पाटण्याच्या संघानें प्रदीप नरवाल असतांना लागोपाठ तीन वेळां अजिंक्यपद मिळविलें. २०२१ च्या लिलावांत तो १ कोटि ६५ लाखांस यूपी योद्धा संघाकडे गेला. त्या हंगामांत उपान्त्य सामन्यांत हेच दोन संघ समोरासमोर आले आणि पाटण्यानें आपल्याच जुन्या वीराच्या संघास हरविलें. अंतिम सामना मात्र पाटण्यानें दिल्लीशीं एका गुणानें गमावला.

उलट बाजूचा दाखलाही तितकाच बळकट आहे. इराणचा मोहम्मदरेझा शादलूई हा पकडीचा बहाद्दर २०२३ सालीं २ कोटि ३५ लाखांस पुणेरी पलटणांत आला. १ मार्च २०२४ रोजीं पलटणनें हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें हरवून पहिलें अजिंक्यपद मिळविलें. पुढच्या लिलावांत त्याच हरियाणानें त्याला २ कोटि ७ लाखांस घेतलें, आणि डिसेंबर संपण्यापूर्वीं हरियाणा अजिंक्य ठरला. २०२५ सालीं तो गुजरातकडे गेला. गांव एकच, संघ एकच, या कल्पनेंत वाढलेल्या रसिकाला अशा माणसावर प्रेम कसें करावें हें कळत नाहीं. परंतु पकड घालतांना त्याच्या घोट्यावर पडलेला हात पाहिला कीं तो टाळी वाजविल्यावांचून राहतही नाहीं.

तेव्हां पैशाला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. जी गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे ती निराळी. नोकरीच्या पद्धतींत गड्याची निवड एकदांच होई आणि सुरक्षितता आयुष्यभराची मिळे. लिलावांत मोल अधिक, पण तें कांहीं हंगामांपुरतें. आणि ज्याच्यावर बोलीच लागली नाहीं त्याच्या हातीं कांहींच पडत नाहीं. पेणच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें कॉलेज सोडून सरावाला जावें कीं पोलीस भरतीच्या परीक्षेला बसावें, हा प्रश्न त्या चहाच्या दुकानांत हंसत हंसत निघतो, आणि घरीं गेल्यावर त्याचें हंसें राहत नाहीं. त्याच्या वडिलांच्या काळीं हे दोन मार्ग एकच होते.

मुलींच्या बाबतींत तर दुसरा मार्ग जवळ जवळ उघडलाच नाहीं. २०१६ सालीं लीगच्या जोडीनें स्त्रियांचे सामने भरविण्यांत आले. संघ तीनच होते, आणि पुढच्या हंगामांत त्यांना जागा मिळाली नाहीं. वास्तविक २०१२ सालीं पाटण्यास झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकांत जिंकलेल्या भारतीय संघांत सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. चांगल्या खेळाडू मुलीला स्थिर नोकरी देणारी मोठी संस्था म्हणजे रेल्वे. पण रेल्वेंत गेलेली खेळाडू राष्ट्रीय सामन्यांत रेल्वेकडून खेळते, महाराष्ट्राकडून नव्हे, आणि अनेकदां महाराष्ट्राच्याच विरुद्ध उभी राहते. त्यामुळें गांवांतील एखाद्या चढाईवालीविषयीं पावसाळ्यांत चर्चा निघाली, तर तिची बोली किती हें कोणी विचारीत नाहीं. तिचा रेल्वेचा कागद आला कां, एवढेंच विचारतात.